आधी कागद, मग भिंती

गेल्या वर्षी जून ते जानेवारी या आठ महिन्यांत मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून एकोणीस घरं पाहिली. रविवारी सकाळी एजंटाचा फोन आला की निघायचं आणि परक्या माणसांच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांच्या नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारायचं, असा आमचा क्रम झाला होता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिलं घर घ्यायला निघालेली बाई म्हणून कुणी हसेल. पण मुंबईत हे काही फार उशिराचं वय नव्हे. लग्नानंतरची सोळा वर्षं आम्ही 'लीव्ह अँड लायसन्स'वर काढली आणि सात घरं बदलली. मुलीला शाळेत 'माझे घर' हा निबंध आला तेव्हा तिने मला विचारलं, "आई, कुठलं लिहू?" त्या रात्री आम्ही दोघांनी बँकेची पासबुकं काढली.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. त्यामुळे घरं पाहताना मला एक खोड लागली. एजंट टाइल्स दाखवत असे आणि मी मनात म्हणत असे, हा माणूस आत्ता जे बोलतोय त्याचं साल कोणतं? कारण मुंबईत घर घेणाऱ्याच्या तोंडी जे प्रश्न असतात, टायटल क्लियर आहे का, कार्पेट किती, ओसी आहे का, कन्व्हेयन्स झालंय का, ते सगळे कधी ना कधी जन्माला आलेले आहेत. आणि त्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी कुणीतरी फसलेलं आहे. त्या प्रश्नांचीच ही गोष्ट.

घरं पाहायला आमच्याबरोबर बहुतेक वेळा माझे वडील असायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ऐंशी. गिरगावात एका छापखान्यात ते आधी कंपोझिटर आणि नंतर मुद्रितशोधक होते. आजही वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या हातात पेन्सिल असते. त्यांचा सगळा जन्म गिरगावातल्या चाळीतल्या एका खोलीत गेला. ती खोली माझ्या आजोबांनी १९३८ साली भाड्याने घेतली होती, दरमहा चौदा रुपयांवर.

आजोबा सांगायचे, तेव्हा इमारतींवर 'टु लेट'च्या पाट्या लटकलेल्या असत. पाटी पाहून माणूस वर जाई. पण वर गेल्यावर खोली त्याने पाहायची नसे, मालकाने त्याला पाहायचं असे. गाव कुठलं? जात कुठली? माणसं किती? घरात मासे-मटण होतं का? आजोबांनी मालकाला एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण भाडेकरूने काही विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. (गेल्या सोळा वर्षांत हेच प्रश्न आम्हालाही विचारले गेले, हे जाता जाता सांगते. काही प्रश्न म्हणजे शंभर वर्षांत न बदललेली पाटी आहे.)

आम्ही पाहिलेलं पहिलं 'घर' आमच्याच चाळीच्या मागच्या गल्लीत होतं. डबल रूम, तिसरा मजला, नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला. किंमत मात्र आमच्या ऐपतीतली. "पागडीची आहे," एजंट म्हणाला, "पण काही काळजी करू नका, जन्मभर तुम्हाला कुणी हलवणार नाही." नवऱ्याने विचारलं, "म्हणजे आमच्या मालकीची होणार ना?" एजंट हसला. अण्णाही हसले.

ही पागडी समजून घ्यायची तर जरा मागे जावं लागतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो मांडवीच्या दाट वस्तीत. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसं कशी कोंबलेली आहेत हे सरकारला तेव्हा नीट दिसलं. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आखली. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी इथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्याच या बीडीडी चाळी. पण शहरात येणारी माणसं बांधलेल्या खोल्यांहून नेहमीच जास्त होती, आणि जिथे खोल्या कमी तिथे भाडं वाढणारच. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आलं आणि १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ते पक्कं केलं. सप्टेंबर १९४० मध्ये जे भाडं होतं, तेच साधारणपणे 'प्रमाणित भाडं' ठरलं.

भाडेकरूंना हा कायदा म्हणजे छत्रच होता. आमच्यासारखी हजारो कुटुंबं त्याच्याच आधाराने गिरगावात टिकली. पण भाडं गोठलं आणि सिमेंटचा, गवंड्याचा भाव काही गोठला नाही. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. आणि खोली हातपालट होताना एकरकमी पैसे घेण्याची रीत पडली. ती पागडी. नाव मानाचं, पण पावती नाही. कारण १९४७च्या कायद्याने असे पैसे घेणं हा गुन्हा होता. आधीचा भाडेकरू खोली सोडताना पैसे घेई आणि त्यातला वाटा, बहुधा एक तृतीयांश, मालकाला देई. सगळी चाळ ज्याला कायदा मानत होती ते कायद्यात कुठेच नव्हतं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २०००पासून, या व्यवहाराला मान्यता मिळाली. दरम्यान इमारती खचत चालल्या होत्या. १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी खास कायदा करून उपकर बसवावा लागला. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ भरल्या.

म्हणजे त्या डबल रूममध्ये आम्हाला मिळणार होता तो राहण्याचा हक्क. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या. बँकेतही आम्हाला सांगितलं गेलं की पागडीवर कर्ज मिळणं अवघड. पहिला रविवार असा गेला.

परत येताना अण्णा म्हणाले, "चल, तुला एक जागा दाखवतो. विकायची नाही ती." आणि आम्हाला ते चालत गावदेवीला घेऊन गेले. तिथली सारस्वत सोसायटी १९१५ साली नोंदली गेली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. सहकारी संस्था आधी फक्त पतपुरवठ्याच्या असत. १९१२च्या कायद्याने इतर कामांसाठीही त्या काढता येऊ लागल्या आणि तालमकींनी ती संधी साधली. कल्पना साधी होती. एकेकट्या कारकुनाला मुंबईत इमारत बांधणं अशक्य. पण सगळ्यांनी मिळून संस्था काढली, संस्थेने इमारत बांधली आणि सभासदांनी आपल्याच संस्थेला भाडं दिलं, तर मालकही आपण आणि भाडेकरूही आपणच. आज आपण ज्याला 'सोसायटी' म्हणतो, ते शेअर सर्टिफिकेट, ती वार्षिक सभा, पार्किंगवरची ती भांडणं, त्या सगळ्याचं मूळ इथे आहे. सोसायटी ही एका ज्ञातीच्या माणसांनी आपल्यासाठी काढलेली होती, हेही विसरता येत नाही. मालकाच्या दारातला 'जात कुठली?' हा प्रश्न तिथे वेगळ्या रूपाने शिल्लकच राहिला.

गिरगाव आमच्या हातचं नाही हे कळल्यावर आम्ही मध्य रेल्वेने पुढे सरकलो. मुलुंड, ठाणे, डोंबिवली. नववं की दहावं घर असेल. डोंबिवलीला १९८४ साली बांधलेल्या इमारतीतला ब्लॉक. घर मनात भरण्यासारखं. स्वयंपाकघराला खिडकी, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. विकणारे काका-काकू मुलाकडे पुण्याला निघाले होते. काकूंनी पोहे केले, आणि आम्ही मनातल्या मनात कपाट कुठे ठेवायचं हेही ठरवून टाकलं. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "कन्व्हेयन्स झालंय का हो?"

काका गप्प झाले. मग म्हणाले, "बिल्डर गेला. त्याची मुलं फोन घेत नाहीत. आमचं कुणाचंच काही अडलं नाही इतकी वर्षं."

ही गोष्ट या एका इमारतीची नाही. स्वातंत्र्यानंतर भाड्याने द्यायला घरं बांधण्यात पैसेवाल्यांना अर्थ उरला नाही. त्यांनी घरं विकायला सुरुवात केली, आणि 'ओनरशिपचा ब्लॉक' हा शब्द मराठी घरांत आला. जमीन एकाची, इमारत दुसऱ्याने बांधलेली आणि त्यातला हवेतला एक तुकडा तिसऱ्याला विकलेला, असा हा व्यवहार. त्याला नियम काहीच नव्हते. एकच ब्लॉक दोघांना विकायचा, नकाशे बदलायचे, पैसे घेऊन करार करायचाच नाही, अशा तक्रारी वाढल्या. सरकारने १९६० साली समिती नेमली आणि १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे आपला 'मोफा', आला. त्यात चार गोष्टी फार महत्त्वाच्या होत्या. जमिनीवरच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला द्यायची. पैसे घेण्याआधी लेखी करार करायचा आणि आगाऊ रक्कम किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त घ्यायची नाही. संमतीशिवाय नकाशा बदलायचा नाही. आणि शेवटी सोसायटी नोंदवून जमीन व इमारत तिच्या नावावर करून द्यायची. हेच ते कन्व्हेयन्स. वेगळं काही ठरलेलं नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते व्हायला हवं, असा नियम.

चार महिन्यांच्या जागी चाळीस वर्षं गेलेल्या इमारती तुम्हाला गल्लोगल्ली सापडतील. म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. बिल्डर येत नसेल तर सोसायटीने सक्षम अधिकाऱ्याकडे जायचं आणि 'मानीव अभिहस्तांतरण' मिळवायचं. सोय झाली, पण ती मागणाऱ्याला. काकांच्या सोसायटीने कधी अर्जच केला नव्हता. इमारत उद्या पाडून नवी बांधायची म्हटली तर जमीन कुणाची, या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हतं. शेवग्याच्या झाडाचा निरोप घेऊन आम्ही निघालो. जिना उतरताना मला अण्णांचा रागच आला होता.

पंधरावं घर ठाण्याला, घोडबंदर रोडकडे. घर कसलं, अजून खड्डाच होता. पण सॅम्पल फ्लॅट तयार होता. दारात थंड सरबत, आत मंद दिवे. मुलगी तर हरखून गेली. मीसुद्धा. नंतर लक्षात आलं की खोल्यांना दारंच बसवलेली नव्हती, एका भिंतीला अख्खा आरसा होता आणि पलंग इतका आखूड होता की माझ्या नवऱ्याचे पाय बाहेर आले असते. विक्री करणारा तरुण फार गोड बोलला. भाव उद्यापासून वाढणार, आजच दोन लाख टोकन भरलं तर जुना भाव. नवऱ्याने खिशातून चेकबुक काढलं.

अण्णांनी विचारलं, "या दोन लाखांचं लेखी काय मिळेल?"

"पावती मिळेल ना काका, लगेच."

"पावती आहे माझ्याकडे एक," अण्णा म्हणाले आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या संध्याकाळी गिरगावात त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि तळातून एक घडी केलेला कागद काढला. १९७१ सालची पावती. अडीच हजार रुपये, ब्लॉक नंबर सात, दुसरा मजला. उपनगरातली एक इमारत. अण्णा-आईचं नवं लग्न झालेलं. आईच्या पाटल्या मोडून ते पैसे उभे केले होते. "आम्हीही जायचो रविवारी घर पाहायला," ते म्हणाले. "तिथे काही नव्हतंच. त्या माणसाने जमिनीवर फक्की मारून खोल्या आखून दाखवल्या होत्या. तुझी आई स्वयंपाकघराच्या रेघांच्या आत जाऊन उभी राहायची." जोत्यापर्यंत बांधकाम आलं, पावसाळा आला, आणि पावसाळा संपल्यावर त्या माणसाच्या ऑफिसला कुलूप होतं.

हे मला माहीत नव्हतं. आई गेली तोवर तिनेही कधी सांगितलं नाही. १९७७ साली 'घरोंदा' लागला. मुंबईत घर शोधणारं जोडपं आणि त्यांना बुडवणारा बिल्डर अशी त्याची कथा. तेव्हा चाळीतली सगळी माणसं तो बघून आली, आमच्या घरातून कुणी गेलं नाही, एवढं मात्र मी लहानपणी ऐकलं होतं. त्याच १९७७ साली एच. टी. पारेख यांनी एचडीएफसी काढली आणि पगारदार माणसाला घरासाठी वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी कर्ज मिळण्याची वाट रुंद झाली. (ती संस्था २०२३ साली बँकेत विलीन झाली.) पण अण्णांनी नंतर कधीच कुठलं घर पाहिलं नाही. भाडं परवडतंय, असं ते म्हणत. आम्हाला ते खरं वाटे.

मी त्यांना म्हटलं, "अण्णा, १९७१ साली मोफा येऊन आठ वर्षं झाली होती. लेखी करार केल्याशिवाय पैसे घेणंच बेकायदा होतं." वर्गात सांगावं तशा सुरात बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. ते बराच वेळ पावतीकडे पाहत होते. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचो मी."

श्रोते हो, माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार त्या दोन वाक्यांत आहे. आपल्याकडे कायदे झाले नाहीत असं नाही. २०१६ साली संसदेने रेरा कायदा केला आणि मे २०१७पासून महारेराचं काम सुरू झालं. प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. कार्पेट म्हणजे काय याची व्याख्याही केली गेली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. इतकंच काय, सॅम्पल फ्लॅट पाहून पैसे भरले आणि प्रत्यक्षात तसं काही मिळालं नाही, तर भरपाई मागण्याचा हक्कही त्यात आहे. आजोबांच्या चाळीतला मालक भाडेकरूची चौकशी करी; आज घेणारा बिल्डरची चौकशी घरबसल्या मोबाइलवर करू शकतो. पण ती करावी लागते. त्या रात्री आम्ही घोडबंदरच्या प्रकल्पाचं पान उघडलं. त्या तरुणाने सांगितलेल्या ताब्याच्या तारखेत आणि तिथल्या तारखेत अडीच वर्षांचा फरक होता. अडीच वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरणं आम्हाला झेपलं नसतं.

एकोणिसावं घर आम्ही घेतलं. मुलुंड पूर्वेला, १९९१ची इमारत, दुसरा मजला, ४१० फूट कार्पेट, लिफ्ट नाही. कन्व्हेयन्स झालेलं. आधीच्या तीन मालकांच्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सगळी फाइल अण्णांनी चार दिवस वाचली, पेन्सिल हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पहिल्या करारात फ्लॅट नंबर २०३ होता, दुसऱ्यात २०२. वकिलांच्या नजरेतूनही ते सुटलं होतं. विकणाऱ्यांना दुरुस्तीचा दस्त करून घ्यावा लागला, त्यात सात आठवडे गेले. ते वैतागले, एजंट वैतागला, खरं सांगायचं तर मीही वैतागले. अण्णा मात्र वैतागले नाहीत.

करार माझ्या एकटीच्या नावावर केला. २०२१पासून महाराष्ट्रात घर घेणाऱ्या बाईला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आम्ही कुणाला सांगितलं नाही, पण तुमच्या लक्षात आलं असेल.

ताबा मिळाला त्या दिवशी अण्णा जिना चढून आले, वाटेत दोनदा थांबून. रिकाम्या घरात फिरले, स्वयंपाकघराच्या दारात जरा जास्त वेळ उभे राहिले. मग खिशातून ती १९७१ची पावती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फाइलमध्ये ठेव. सगळ्यात खाली." आणि मग नळ सोडून पाणी येतंय का ते पाहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)